अकरा मिनिटांचा कॉम्प्युटर

सुरुवातीलाच एक गोष्ट नमूद करून ठेवतो. कॉम्प्युटर मी स्वतः जोडला, एकट्याने जोडला, आणि जोडून झाल्यावर माझ्याकडे फक्त तीन स्क्रू उरले. आमच्या मेहुण्याचं म्हणणं, एकही उरायला नको होता. मेहुण्याच्या म्हणण्याला मी फारसं महत्त्व देत नाही. का देत नाही, ते पुढे येईलच.

घाई होती ती बायकोच्या कामाची. लहान मुलांसाठी एक पुस्तक ती करत होती. जिना चढायला घाबरणाऱ्या उंटाची गोष्ट, लिहिलेली तिचीच आणि चित्रंही तिचीच. एकूण चोवीस चित्रं. वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या पुस्तकांत बेडकाचं हृदय, फुलाचे भाग आणि दातांचे प्रकार काढले, आणि एकाही दाताखाली तिचं नाव आलं नाही. आता पहिल्यांदा मुखपृष्ठावर नाव येणार होतं. प्रकाशकबाईंनी शनिवारी संध्याकाळी पाचची मुदत दिली होती. ती चुकली तर छापखाना दुसऱ्या कामाला लागणार आणि उंट पुढच्या वर्षावर जाणार. पुढच्या वर्षी प्रकाशकबाईंना उंट आवडेल की नाही, हे कुणी सांगावं? रेखाटनं कागदावर तयार होती, रंगवायचं सगळं कॉम्प्युटरवर. आणि नेमका आमचा जुना कॉम्प्युटर मुदतीला आठ दिवस असताना, शुक्रवारी, खर्रर्र असा आवाज करून कायमचा गेला.

बायकोने लगेच भावाला फोन लावला. हाच तो मेहुणा. तो ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे त्याने मला तीनदा समजावलं आणि मी तिन्ही वेळा मान डोलावली. तो म्हणाला, “ताई, काही काळजी करू नकोस. मी एक तयार मशीन घेऊन येतो.”

झालं! तयार मशीन! आणि ते मेहुण्याने आणायचं! मग मी या घरात कशाला आहे?

“काही गरज नाही,” मी फोन हातात घेऊन म्हणालो. “हल्ली सुटे भाग आणून घरीच जोडतात. मी जोडतो.”

मेहुणा म्हणाला, “भाऊजी, तुम्ही?”

त्या ‘तुम्ही’मध्ये जे काही होतं, त्याने माझं रक्त उसळलं. मी नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क आहे. खिडकी क्रमांक तीन. सव्वीस वर्षांत माझ्या खिडकीतून एकही अपूर्ण अर्ज आत गेलेला नाही. ज्या माणसाला परिशिष्ट ‘क’ तोंडपाठ आहे, त्याला चार पाट्या आणि दोन वायरी जोडता येऊ नयेत?

दुसऱ्याच दिवशी मी सुटे भाग आणले आणि रविवारी सकाळी आंघोळ करून जेवणाच्या टेबलावर मांडले. काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या दिवशीही मी इतका आनंदी नव्हतो. हे बायकोला सांगू नका. मदरबोर्ड म्हणजे एक मोठी हिरवी पाटी, त्यावर प्रोसेसर नावाचा बिस्किटाएवढा मेंदू, आणि मेंदू तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा एक ठोकळा आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळ्याचा तळ इतका चकचकीत, की त्यात मला माझं तोंड दिसलं. किंचित धूसर दिसलं, पण दिसलं. इतकी सुबक वस्तू! ओरखडा पडू नये म्हणून मी ती कडेने धरली, दुकानदाराने दिलेली, मेंदूची उष्णता ठोकळ्यात नेणारी पेस्ट मेंदूवर लावली आणि ठोकळा जसाच्या तसा अलगद वर बसवून स्क्रू आवळले.

जपण्याच्या बाबतीत आमचं घराणं कडक आहे. आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. जेवणाच्या खुर्च्या घेतल्याला एकोणीस वर्षं झाली, आजही पुसल्या की दुकानातून आणल्यासारख्या. बसताना जरा कर्र वाजतं, आणि उकाड्याच्या दिवसांत माणूस उठला की खुर्चीही थोडी त्याच्याबरोबर उठते, तेवढंच. टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो. त्याची बटणं आम्ही अंदाजाने दाबतो. “आपण घरात राहतो की गोदामात?” असं बायको अधूनमधून विचारते, पण तो चर्चेचा विषय होऊ शकत नाही. नव्या स्क्रीनवरही छान निळसर फिल्म होती. बायकोने तिच्या कोपऱ्याला नख लावलं मात्र, मी ओरडलो, “अगं, हात लावू नकोस! ओरखडा पडेल!”

तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे तसंच पाहत आली आहे.

दुपारी बारा वाजता मी बटण दाबलं. काहीही झालं नाही. पुन्हा दाबलं. वीज आहे का पाहिलं. सगळ्या वायरी काढून परत घातल्या. पाऊण तास मी टेबलाखाली होतो, घामाघूम. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे रेडिओकाका आले. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून ते निवृत्त झाले आहेत, आणि इमारतीत कुठेही स्क्रूड्रायव्हर बाहेर निघाला की त्यांना वास येतो. त्यांनी कॉम्प्युटरच्या पेटीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या बाजूचा एक चिमुकला खटका खाली केला आणि म्हणाले, “आता दाब.”

पंखे भिरभिरले! दिवे लागले! स्क्रीन उजळली! मी टेबलाखालून उठायच्या आनंदात टेबलावर डोकं आपटलं, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. बायको खुर्चीत बसली, चित्रं काढायची पाटी पुढे ओढली, हातात ती खास लेखणी घेतली आणि उंटाची मदार रंगवायला लागली. माझा ऊर भरून आला. मेहुण्याला मी फोन लावला आणि सहज विचारतोय अशा सुरात विचारलं, “काय रे, सगळं ठीक ना?”

अकराव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. पंखे थांबले. उंट गेला.

“अहो,” बायको म्हणाली.

“दिसतंय मला,” मी म्हणालो.

फोनवर मेहुणा अजून होताच. “भाऊजी, बंद करून परत चालू केलंत का?” बंद तो स्वतःच झाला होता! चालू केलं. तर अकरा मिनिटं चालला आणि परत आपला गपगार. तिसऱ्यांदा तर नऊच.

आता मी काही घाबरून जाणारा माणूस नाही. मी शंभर पानी वही घेतली, तिला रेघा मारल्या आणि मुखपृष्ठावर लिहिलं, ‘बिघाड नोंदवही’. रकाने चार: दिनांक व वेळ, लक्षण, संशयित, केलेली कार्यवाही. रविवारी रात्री जेवणापर्यंत सात नोंदी झाल्या होत्या. लक्षणाच्या रकान्यात सातही वेळा ‘अचानक बंद’ आणि कार्यवाहीच्या रकान्यात सातही वेळा ‘परत चालू केले’. वही मात्र फार सुरेख दिसत होती.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी समोरच्या वकीलबाई दार ढकलून आत आल्या. त्यांचा आणि विजेचा तसा संबंध नाही, पण वीज कंपनीविरुद्ध त्यांनी दोन दावे जिंकले आहेत. “अहो, दोष मशीनचा नाहीच,” त्या ठामपणे म्हणाल्या. “तुमच्या बाजूची लाइन कमजोर आहे. माझ्या घरातून वीज घ्या, एक मिनिटही बंद पडला तर नाव बदलेन!” मग त्यांच्या दिवाणखान्यातून आमच्या दिवाणखान्यात, मधला व्हरांडा ओलांडून, एक लांबलचक वायर आली. दोन्ही घरांची दारं सताड उघडी. पोस्टमन त्या वायरीत पाय अडकून थेट आमच्या सोफ्यावर येऊन बसला आणि सोफा कर्र वाजला तसा दचकून परत उभा राहिला. त्याला पाणी देऊन होईतो दहा मिनिटं झाली होती. आम्ही सगळे, पोस्टमन धरून, घड्याळाकडे बघत उभे राहिलो. अकरा झाली. स्क्रीन काळी. वकीलबाई म्हणाल्या, “मग दोष मशीनचाच आहे.” नाव बदलायचा विषय त्यांनी काढला नाही.

दुपारी रेडिओकाकांनी सूत्रं हाती घेतली. त्यांच्या मते दोष रॅममध्ये होता. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती आठवण साठवणारी पट्टी. “संपर्क नीट होत नसणार. खोडरबर आण!” ते म्हणाले. बायकोचं खास चित्रकलेचं खोडरबर त्यांनी घेतलं आणि पट्टीचे सोनेरी दात असे घासले, असे घासले, की मला माझे दात आठवले. पट्टी परत बसवली. कॉम्प्युटर चौदा मिनिटं चालला! चौदा! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. काकांनी तर “आपल्या वेळचं ज्ञान आहे हे!” म्हणून डोळेसुद्धा पुसले. पंधराव्या मिनिटाला तो बंद पडला तेव्हा काका खोडरबराकडे पाहत म्हणाले, “रबर हलक्या दर्जाचं आहे.”

या सगळ्या गदारोळात बायको काही बोलत नव्हती. मला वाटलं, रागावली. मंगळवारी सकाळी उठून पाहतो तर तिने स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवलं होतं. दहा मिनिटांचा गजर. गजर होईपर्यंत ती भराभर रंगवायची, गजर झाला की चित्र साठवून आपणच कॉम्प्युटर बंद करायची, आणि वीस मिनिटं तो गार होईपर्यंत कागदावर पुढच्या चित्राचा विचार. उंटाचे पुढचे पाय एका पाळीत, मागचे पुढच्या पाळीत. शेपटीला स्वतंत्र पाळी.

“अगं, असं कसं करतेस?” मी विचारलं.

“मग कसं करू?” ती लेखणी न उचलता म्हणाली. “शनिवारी पाच वाजता मी बाईंना तुमची वही पाठवू का?”

हे मला लागलं. फार लागलं. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. वीस वर्षांनी तिच्या हाताला स्वतःचं काम आलं होतं, आणि ते मी दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत तिला वाढत होतो, तेही मेहुण्याला ‘नको’ म्हणून. मी वहीत संशयिताच्या रकान्यात पहिल्यांदा माझं नाव लिहिलं आणि लगेच खोडलं.

बुधवारी मी सर्व्हिस सेंटर गाठलं. आता संशय पॉवर सप्लायवर होता, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो मी काढून, टॉवेलमध्ये गुंडाळून, पोटाशी धरून नेला. तिथे खिडकी. खिडकीपुढे रांग. खिडकीआड एक चष्मेवाल्या बाई. सव्वीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. बाहेरची बाजू इतकी खाली असते हे मला ठाऊकच नव्हतं. वाकल्याशिवाय बोलता येत नाही.

“बिल?” बाईंनी विचारलं.

“हे घ्या. मूळ प्रत आणि दोन छायांकित.” मी ऐटीत म्हणालो.

“अर्ज?”

“दोन प्रतींत.”

“मूळ खोकं?”

इथे भलेभले ढेपाळतात. मी नाही! मी घरचं एकही खोकं टाकत नाही. मिक्सरचं खोकं आहे, ज्या मिक्सरला जाऊन बारा वर्षं झाली. पिशवीतून मी खोकं काढलं आणि खिडकीत ठेवलं. रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

बाईंनी खोकं फिरवलं. “याच्यावरचा क्रमांक कुठाय?”

क्रमांक होता. त्याच्यावर मी, जपून ठेवायचं म्हणून, आडवा कागद चिकटवला होता: ‘पॉवर सप्लाय, रिकामे खोके, फेकू नये’. वर चिकटपट्टी, तीन पदरी. मी नखाने खरवडायला लागलो. माझा कागद निघाला, त्याच्याबरोबर क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही निघाले.

“क्रमांक अपूर्ण आहे,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण बाकीचे आकडे आहेत ना!”

“साहेब, नियम आहे. अपूर्ण घेता येत नाही. पुढे कोण?”

हे वाक्य! हे वाक्य माझं आहे! शब्दन् शब्द माझा, ‘पुढे कोण’सकट! मी हजारो माणसांना हे ऐकवलं, आणि ती माणसं गुपचूप का जातात याचं मला नेहमी नवल वाटायचं. आता कळलं. वाकलेल्या माणसाला भांडताच येत नाही. मी बाजूला झालो. बहुधा माझा चेहरा फारच पडलेला असावा, कारण पाच मिनिटांनी बाईंनी मला खुणेने बोलावलं, तो टॉवेल आत ओढून घेतला आणि मागच्या माणसाला तपासायला दिला. अर्ध्या तासाने डबा परत आला. “यात काही दोष नाही. उत्तम चाललाय,” त्या म्हणाल्या. आणि हळूच म्हणाल्या, “टॉवेल मात्र धुवायला टाका.”

गुरुवार उष्णतेचा. टायमरवरून वकीलबाईंना सुचलं, की चालून चालून गरम होतो म्हणजे तापत असणार. अगदी बरोबर! मी पेटीचं एक दार काढलं, समोर टेबलफॅन लावला, मागे रेडिओकाकांनी त्यांचा उभा पंखा आणून लावला. बायको स्वेटर घालून रंगवत होती आणि रेखाटनं उडू नयेत म्हणून प्रत्येक कागदावर एकेक वाटी ठेवली होती. एकोणीस मिनिटं! नवा उच्चांक! “मेंदूवरचा पंखा फिरतोय ना?” काकांनी वाकून विचारलं. “मस्त फिरतोय,” मी म्हणालो. “मग तिथलं काही नाही,” काका म्हणाले, आणि आम्ही दोघांनी त्या ठोकळ्याकडे पाठ फिरवली.

शुक्रवारी संध्याकाळी सतरा चित्रं झाली होती आणि सात राहिली होती. बायकोच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ती गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होती, आणि कुणाशी हे मला विचारायला लागलं नाही.

“उद्या सकाळी नऊला येतोय तो,” आत येऊन ती म्हणाली. “त्याचं मशीन घेऊन.”

मी बिघाड नोंदवही मिटून ठेवली. नको म्हणायला तोंड ठेवलं होतं काय मी?

शनिवारी सकाळी सातला मी एकटाच टेबलापाशी बसलो. सगळं सुटं करून, पुसून, खोक्यांत भरायचं, म्हणजे मेहुणा येण्याआधी टेबल रिकामं असेल आणि जखमेवर कुणाची नजर पडणार नाही, एवढाच विचार होता. सगळ्यात शेवटी ठोकळ्याचे स्क्रू काढले. ठोकळा उचलला. तळ वर केला.

पेस्ट अशी चोपडलेली, आणि त्या पेस्टखाली, ठोकळ्याला घट्ट चिकटून, एक गोल, पारदर्शक, पातळ फिल्म. कडेला एक इवलीशी जीभ. अंगठ्याने मी पेस्ट पुसली. फिल्मवर पाच भाषांत छापलं होतं. त्यातल्या दोन मला वाचता येतात. दोन्हीत एकच मजकूर होता: वापरण्यापूर्वी काढा.

माझे कान गरम झाले. सहा दिवस! वायर दोन घरांतून फिरली, पोस्टमन पडला, खोडरबर झिजलं, मी खिडकीपुढे वाकलो, आणि हे सगळं का, तर एका मेंदूच्या डोक्यावर मी रेनकोट घालून ठेवला होता! मी ती जीभ चिमटीत धरली. काय सांगू, ओढवेना हो. एकोणीस वर्षांची सवय आहे. फिल्म सर्रकन निघाली. खाली ठोकळ्याचा खरा तळ, आणि त्यात माझं तोंड, आता मुळीच धूसर नाही. अगदी स्पष्ट दिसत होतं, कसल्या माणसाचं तोंड आहे ते.

कुणाची चाहूल लागली तशी मी फिल्म शर्टाच्या खिशात कोंबली. बायको डोळे चोळत दारात उभी होती. “काय करताय?” “काही नाही, साफसफाई,” मी म्हणालो. नवी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, सगळं परत जोडलं. या खेपेला एकही स्क्रू उरला नाही. आधीचे तीनसुद्धा आपापल्या जागी गेले.

नऊ वाजता मेहुणा आपलं मशीन छातीशी धरून आला, तेव्हा आमचा कॉम्प्युटर चालू होऊन बावन्न मिनिटं झाली होती. टेबलफॅन नाही, उभा पंखा नाही, टायमर नाही. बायको अठरावं चित्र संपवत होती आणि चक्क गुणगुणत होती. वकीलबाई आणि रेडिओकाका दारातच खिळून उभे होते.

“अरे वा! भाऊजी, काय झालं होतं?” मेहुण्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला. “उष्णतेच्या वहनात अडथळा होता,” मी म्हणालो. “दूर केला.” यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही.

“बघा! मी म्हटलंच होतं, तापतोय,” वकीलबाई म्हणाल्या. बायकोचं गुणगुणणं तेवढं थांबलं, आणि परत सुरू झालं.

दुपारी बाराला चोविसावं चित्र पुरं झालं! पाच तास हातात! मी चहा टाकला. बायकोने सहज म्हणून सगळी चित्रं मेहुण्याच्या मशीनवर टाकली, एकदा मोठी करून बघायला. मेहुणा वाकला. बघत राहिला.

“ताई,” तो जपून म्हणाला, “उंट केशरी का आहे?”

“केशरी कुठे? वाळूच्या रंगाचा आहे,” ती म्हणाली आणि उठून बघायला आली. आमच्या स्क्रीनवर उंट वाळूचा. त्याच्या स्क्रीनवर उंट संत्र्याचा. जिना गुलाबी. आभाळ हिरवट पिवळं, कावीळ झाल्यासारखं.

बायको हळूच वळली, आमच्या स्क्रीनकडे गेली, आणि त्या निळसर फिल्मच्या कोपऱ्याला तिने नख लावलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती असं मला वाटत नाही.

“काढ,” मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. “काढ गं, काढ!”

एका हिसक्यात तिने ती फिल्म वरपासून खालपर्यंत सोलून काढली. आणि खरंच, आमच्याही स्क्रीनवर सगळं वाळवंट केशरी झालं. सहा दिवस बिचारी निळ्या काचेतून रंग शोधत होती आणि निळं मारायला पिवळं ओतत होती.

“चोवीसच्या चोवीस,” ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. “पाच तासांत. अहो, होईल हो?”

“न होऊन जाईल कुठे!” मी ओरडलोच. “मशीन बंद पडणार नाही. माझा शब्द आहे. तू बस!”

ती बसली. आणि मग जे काय झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. ती रंग बदलत सुटली, मेहुणा शेजारी बसून झालेली चित्रं एकेक करून तपासत सुटला, रेडिओकाका कच्ची रेखाटनं क्रमाने पुढे धरत होते, वकीलबाई दर पंधरा मिनिटांनी उरलेला वेळ खणखणीत आवाजात जाहीर करत होत्या. मी पेटीपाशी खाली जमिनीवर बसून होतो, हात तिच्या अंगावर ठेवून, आजारी पोराचा ताप बघावा तसा. गार! दोन वाजता गार, साडेतीनला कोमट, चारला कोमटच. “एकविसावं!” मेहुणा ओरडला. “बाविसावं!” “पंचवीस मिनिटं!” वकीलबाई गरजल्या. शेवटच्या चित्रात उंट जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून खाली बघतो. त्याच्या डोळ्यातला एक ठिपका तिने तीनदा पुसून काढला, आणि माझा जीव तीनदा वरखाली झाला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी सगळी चित्रं गेली. चार अठ्ठावन्नला प्रकाशकबाईंचं उत्तर आलं: ‘मिळाली. उंट फारच गोड.’

आम्ही पाचही जणांनी एकदम आरडाओरडा केला. मेहुण्याने मला मिठी मारली. ती मी नाकारली नाही. आता त्या माणसाबद्दल माझं मत थोडंसं बदललं आहे, पण ते त्याला सांगायची काही गरज नाही.

रविवारी शर्ट धुवायला गेला तेव्हा मला खिशाची आठवण झाली. धावत जाऊन पाहिलं, खिसा रिकामा. वाटलं, पाण्याबरोबर गेली असेल. बरं झालं, असं मनाशी म्हणून मी विषय संपवला. बिघाड नोंदवहीत शेवटची नोंद केली: ‘दोष निवारण. कारण तांत्रिक.’

दोन महिन्यांनी पार्सल आलं. तोच पोस्टमन, या खेपेला खाली बघत बघत आला. आत पुस्तकाच्या दहा प्रती, प्रत्येक पातळ प्लास्टिकमध्ये हवाबंद. मुखपृष्ठावर जिन्याच्या तळाशी उभा वाळूच्या रंगाचा उंट, आणि वर बायकोचं नाव, ठळक. तिने त्या नावावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

तिने वरची प्रत माझ्या हातात दिली. “ही तुमची.”

“अगं, किती सुंदर!” मी म्हणालो. “ही अशीच ठेवतो हं कपाटात. प्लास्टिक राहू दे, कोपरे दुमडत नाहीत.”

“आत तुमच्यासाठी छापलंय काहीतरी,” ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली. खुर्ची कर्र वाजली.

मी पुस्तक उलटंसुलटं केलं. उजेडात धरून प्लास्टिकमधून आत काही दिसतं का पाहिलं. ती शांतपणे बघत होती, जराही घाई नव्हती तिला. शेवटी मी नख लावलं, आणि प्लास्टिक फाडलं. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर मधोमध दोनच ओळी होत्या.

‘अर्पण:
वापरण्यापूर्वी काढायचं असतं, हे ज्यांना सातव्या दिवशी कळलं, त्यांना.’

मी मान वर केली. “कधी कळलं तुला?”

“तेव्हाच. दारात उभी होते की मी. शर्टाचा खिसाही मीच रिकामा केला.”

“मग बोलली का नाहीस?”

“सगळ्यांसमोर?” ती म्हणाली. “उष्णतेच्या वहनात अडथळा होता ना.”

“आणि हे सगळ्या प्रतींत आहे?”

“दोन हजार प्रतींत.”

मी ते पान परत एकदा वाचलं. मग पुस्तक टेबलावर ठेवलं, स्वयंपाकघरातून कात्री आणली, आणि ती बसली होती त्या खुर्चीपाशी खाली बसून पाठीवरच्या प्लास्टिकला पहिला काप दिला. ती उठली नाही. नुसती जरा पुढे सरकली.

“हळू हं,” ती म्हणाली. “ओरखडा पडेल.”